पहिल्या बंदुकीचं माप

अजिंठा लेण्यांजवळचं आमचं फर्दापूर आणि बंदूक यांचा संबंध जुना आहे. २८ एप्रिल १८१९ या दिवशी मद्रास घोडदळातला जॉन स्मिथ नावाचा अधिकारी वाघाच्या मागावर वाघूर नदीच्या घळीत शिरला आणि समोरच्या कड्यात त्याला लेण्याची कमान दिसली. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात खांबावर त्यानं कोरलेलं नाव आणि तारीख आजही आहे. त्याच १८१९ साली जेम्स औट्रम नावाचा सोळा वर्षांचा मुलगा मुंबईच्या फौजेत दाखल झाला. तरुणपणी तो अंगानं अगदी लहानखुरा होता, असं त्याचे चरित्रकार नोंदवतात. पुढे १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभी करण्याचं काम त्याच्याकडे आलं आणि वाघाचा शिकारी म्हणून त्याचं नाव या डोंगराच्या दोन्ही अंगांना झालं. कन्नडचा औट्रम घाट त्याच्याच नावाचा. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात आयुष्याची कित्येक वर्षं घालवणारा रॉबर्ट गिल हाही पट्टीचा शिकारी होता. म्हणजे लेणी जगाला पुन्हा दिसली ती एका शिकाऱ्यामुळे आणि त्यातली चित्रं कागदावर आणि कॅनव्हासवर उतरू लागली तीही एका शिकाऱ्याच्या हातून. आमच्या भागात बंदुकीचा विषय निघाला की जुनी माणसं अजून वाघांच्याच गोष्टी सांगू लागतात, ते उगाच नाही.

तो काळ संपला आणि तो संपला हे चांगलंच झालं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर अजिंठ्याच्या डोंगरात ससा काय, तितर काय, कशावरही नेम धरणं हा गुन्हा आहे. मका आणि कपाशी लोळवणारी रानडुकरं आणि रोही यांचा त्रास खरा आहे. पण त्यांच्या बाबतीतही वनखात्याच्या परवानगीशिवाय चाप ओढता येत नाही. हे पुस्तक शिकारीचं नाही. ते मातीच्या तबकडीचं आहे. ट्रॅप आणि स्कीट या दोन ऑलिंपिक खेळांत हवेत उडणारी ११० मिलिमीटर व्यासाची, सुमारे १०५ ग्रॅम वजनाची नारिंगी तबकडी छऱ्यांनी फोडायची असते. त्या खेळाकडे वळू पाहणारी बारा-चौदा वर्षांची मुलं, अंगानं लहान असलेल्या मुली आणि बायका, आणि त्यांचे आईवडील यांच्यासाठी हे लिहिलं आहे. लहान चणीच्या माणसाची पहिली बंदूक कशी असावी, एवढाच त्याचा विषय. विषय छोटा वाटेल, पण मुलगी या खेळात टिकणार की पहिल्या महिन्यातच कंटाळून घरी बसणार, हे बऱ्याचदा इथेच ठरतं.

आपल्याकडे पहिली बंदूक कोणी निवडत नाही, ती वारशानं येते. आजोबांची बारा बोरची दुनळी वडिलांच्या नावावर होते आणि तीच नातवाच्या खांद्याला लावली जाते. २०१६ च्या शस्त्र नियमांतही अशा वारसाची सोय आहे. परवानाधारक वारला, किंवा त्याचं वय सत्तर झालं, किंवा त्यानं पंचवीस वर्षं शस्त्र बाळगलं, तर घरातल्या पात्र माणसाला त्या शस्त्राचा परवाना मागता येतो. बंदूक घरात राहावी ही भावना मला समजते. त्या दस्त्याला आजोबांच्या हाताचा घाम लागलेला असतो. पण तो दस्ता आजोबांच्या हाताच्या लांबीचा असतो, नातीच्या नाही. वाढत्या अंगाच्या मुलीला दोन बोटं मोठा फ्रॉक शिवावा, तशी मोठी बंदूक घेऊन ठेवता येत नाही. ढगळ फ्रॉकनं कुणाला इजा होत नाही. लांब दस्ता मात्र गालावर वळ उठवतो, खांद्यावर निळा डाग पाडतो आणि मनात धास्ती बसवतो. डाग आठवड्यात जातो. धास्ती जायला वर्ष लागतं, कधी जातही नाही.

सरावाच्या मैदानावर हे मी वारंवार पाहिलं आहे. असाच एक प्रसंग मला अजून लख्ख दिसतो. चौदा वर्षांची मुलगी, उंची जेमतेम पाच फूट. वडिलांनी घरची दुनळी आणली होती. बंदूक उघडून, नळ्या रिकाम्या आहेत हे सगळ्यांना दाखवून, तिच्या हातात दिली. तिनं ती खांद्याकडे आणली तर दस्त्याचं टोक काखेत अडकलं. ते सोडवायला तिनं कोपर बाहेर फेकलं आणि दस्ता खांद्याच्या खळग्यात बसण्याऐवजी दंडाच्या हाडावर टेकला. पुढचा हात नळ्यांखालच्या लाकडापर्यंत पुरेना, म्हणून तिनं मान पुढे ताणली. पुढचं वजन पेलेना, म्हणून कंबर मागे टाकली. आता तिचं सगळं वजन टाचांवर होतं. या अवस्थेत काडतूस उडालं असतं तर ती दोन पावलं मागे गेली असती. वडील म्हणाले, "जमेल हळूहळू, सवय होईल." सवय झालीच असती, पण ती चुकीचं उभं राहण्याची. आम्ही दुनळी बाजूला ठेवली आणि मैदानावरची दस्ता लहान केलेली बंदूक तिला दिली. मुलगी तीच, दिवसही तोच. टाचा आपसूक हलक्या झाल्या, डावा गुडघा किंचित वाकला, गाल लाकडावर नीट टेकला. तिला कुणी काही शिकवलं नव्हतं. माप बसल्यावर शरीर आपली जागा स्वतःच शोधतं.

हे माप कसं घ्यायचं ते पुढच्या प्रकरणांत सविस्तर आलं आहे. त्यामागचा विचार मात्र इथेच सांगून टाकतो, कारण दुकानात गेल्यावर पहिला सल्ला नेमका उलटा मिळतो. "लहान मूल आहे ना, मग हलकी बंदूक द्या." ऐकायला पटतं. पण धक्क्याचं गणित वेगळं आहे. छर्रे जितक्या जोरानं पुढे जातात तितक्याच जोरानं बंदूक मागे येते. काडतूस तेच ठेवलं आणि बंदुकीचं वजन कमी केलं, तर मागे येणारी बंदूक अधिक वेगानं येते आणि खांद्यात शिरणारी ऊर्जा वाढते. समजा, २४ ग्रॅम छऱ्यांचं तेच काडतूस ३.६ किलोच्या बंदुकीतून उडवलं आणि मग २.७ किलोच्या बंदुकीतून उडवलं. दुसरी बंदूक पाऊण वजनाची आहे. तिचा धक्का पहिलीच्या सव्वापटीहूनही जास्त, म्हणजे एक तृतीयांशानं अधिक बसतो. हलकी बंदूक हातात घेताना गोड लागते आणि उडवताना कडू.

मग जड बंदूक द्यावी का? तेही नाही. जी मुलगी बंदूक अर्धा मिनिटही स्थिर धरू शकत नाही, तिला जड बंदूक वाकवून टाकते. तिढा सुटतो तो काडतुसाच्या बाजूनं. बर्मिंगहॅमचे बंदूक बनवणारे डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांनी एकोणिसाव्या शतकात एक ठोकताळा सांगितला होता, तो अजून कामाला येतो. छऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट तरी बंदुकीचं वजन असावं. ३६ ग्रॅमच्या शिकारी काडतुसाला हिशेबानं साडेतीन किलोच्या आसपास बंदूक लागते. २८ ग्रॅमला २.७ किलो पुरते. २४ ग्रॅमला २.३ किलो आणि २१ ग्रॅमला दोन किलो. हा ठोकताळा खालची हद्द सांगतो, सोयीचं वजन त्याच्या बरंच वर असतं. नवशिक्याच्या हाती तीन किलोच्या आसपासची, नीट तोललेली बंदूक आणि २१ किंवा २४ ग्रॅमचं काडतूस ही जोडी मला सगळ्यात पटते. जागतिक स्पर्धांतही काडतुसाची मर्यादा २४ ग्रॅमचीच आहे. तेव्हा हलक्या भरणीचं काडतूस म्हणजे लहान मुलांची तडजोड, असं कुणी समजू नये. ऑलिंपिकचं पदक त्याच भरणीवर मिळतं.

वजनाइतकाच तोल महत्त्वाचा आहे. तीन किलोच्या दोन बंदुका हातात घेऊन पाहा. एकीचं वजन दोन हातांच्या मध्ये असतं, दुसरीचं नळीच्या टोकाकडे. दुसरी बंदूक तीन किलोची असून चारची वाटते. लहान हाताला लांब नळी याच कारणानं झेपत नाही. तीस इंची नळीपेक्षा अठ्ठावीस किंवा सव्वीस इंची बरी, आणि फोडलेल्या तबकड्यांत त्यानं सुरुवातीला काहीही फरक पडत नाही.

बोरबद्दल थोडक्यात. बारा बोरची नळी सुमारे साडेअठरा मिलिमीटरची असते, वीस बोरची साडेपंधरा-पावणेसोळाची. वीस बोरची बंदूक अंगानं सडपातळ असल्यानं लहान पंजात छान बसते. पण तिच्यात २४ ग्रॅमचंच काडतूस घातलं तर धक्क्याचं वरचं गणित लागू होतं. वीस बोर आपोआप सौम्य होत नाही. सगळ्यात चुकीची निवड म्हणजे 'पोरासाठी' म्हणून घेतलेली चारशे दहाची एकनळी. तिची नळी जेमतेम साडेदहा मिलिमीटरची आणि नेहमीच्या काडतुसात छर्रे चौदा ग्रॅमच्या आसपास. उडत्या तबकडीवर एवढे विरळ छर्रे टाकून ती फोडणं कसलेल्या नेमबाजालाही अवघड जातं. मूल पंचवीस तबकड्या सोडतं, दोन फुटतात, आणि 'आपल्याला हे जमत नाही' असं ठरवून ते मोकळं होतं. मुलाला सोपी बंदूक द्यायची असेल तर जिच्यानं तबकडी फुटते ती द्यावी.

आता दस्ता. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर हे पहिलं माप. बाजारातल्या बहुतेक बंदुका साडेचौदा इंचांच्या आसपास येतात. पावणेसहा फूट उंचीच्या पुरुषाला ते ठीक. पाच फुटी मुलीला तेरा इंच किंवा त्याहून कमी लागतं. जुनी मंडळी दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत ठेवून बोट चापावर पोचतं का ते पाहतात. त्यातून अंदाज येतो, निर्णय घेता येत नाही, कारण खांद्याची रुंदी, मानेची लांबी आणि छातीची ठेवण त्यात मोजलीच जात नाही. नीट माप बंदूक खांद्याला लावल्यावरच कळतं. गाल लाकडावर टेकला असताना नाक आणि चापाच्या हाताचा अंगठा यांत दोन-तीन बोटांचं अंतर राहिलं पाहिजे. कमी राहिलं तर दस्ता आखूड, आणि धक्क्याला अंगठा नाकावर येणार. फार राहिलं तर दस्ता लांब.

दुसरं माप गालाचं. शॉटगनला, म्हणजे छऱ्यांच्या बंदुकीला, रायफलसारखी मागची दर्शिका नसते. नेमबाजाचा डोळा हीच मागची दर्शिका. गाल जिथे टेकतो तो काठ खाली असला तर डोळा नळीच्या मागे लपतो आणि मूल डोकं उचलून पाहतं. वर असला तर छर्रे तबकडीच्या डोक्यावरून जातात. हे तपासायची सोपी रीत आहे. रिकामी बंदूक घ्यायची, डोळे मिटायचे, बंदूक सहज खांद्याला लावायची, मग डोळे उघडायचे. नळीवरची पट्टी आणि टोकाचा मणी न शोधता समोर दिसला तर माप बरोबर. मान हलवावी लागली तर चूक. लहान मुलांच्या आणि बायकांच्या गालाची ठेवण आणि मानेची लांबी पुरुषांच्या मापावर कातलेल्या दस्त्याशी क्वचितच जुळते. म्हणून वरखाली करता येणारा गालाचा काठ आणि मागे काढघाल करता येणाऱ्या पट्ट्या असलेला दस्ता मिळाला, तर बाकीच्या हौसेवरचे पैसे वाचवून तो घ्यावा. असा दस्ता मुलाबरोबर वाढतो.

घरच्या दुनळीचा दस्ता कापायचा झाला तर चांगल्या कारागिराकडून कापून घ्यावा आणि कापलेला तुकडा जपून ठेवावा. दोन-तीन वर्षांनी मूल वाढलं की तोच तुकडा परत जोडता येतो, लाकडाचा रंग आणि रेषा जुळतात. आणि दुनळीला दोन चाप असतात हे विसरू नये. पुढचा चाप मागच्यापेक्षा साधारण इंचभर दूर असतो, म्हणजे मागच्या चापावर बसलेलं माप पुढच्या चापावर चुकतं.

ट्रॅप आणि स्कीट यांत गरज वेगळी पडते, हेही आधी ठरवायला हवं. ट्रॅपमध्ये बंदूक आधीच खांद्याला लावून तबकडी मागता येते, त्यामुळे थोडी जड बंदूकही चालते. शिवाय पात्रता फेरीत १२५ तबकड्या असतात, पुरुषांना आणि २०१८ पासून स्त्रियांनाही. एका तबकडीवर दोन बारांची मुभा असल्यानं फेरीअखेर खांद्यावर बसणारे धक्के मोजून पाहा. तिथे वजन मित्रासारखं वागतं. स्कीटमध्ये तबकडी दिसेपर्यंत दस्ता कमरेपाशी ठेवावा लागतो. क्षणात बंदूक वर आणायची असते आणि तिथे अर्धा इंच जास्त लांब दस्ता काखेत अडकून डाव घालवतो.

डोळ्यांची गोष्ट बंदूक घेण्याआधीची. दोन तळहात पुढे धरून मध्ये छोटी खिडकी करायची, तिच्यातून दूरचं झाड पाहायचं, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्यानं झाड खिडकीत राहतं तो बळकट डोळा. उजव्या हाताच्या मुलीचा डावा डोळा बळकट निघाला तर उजव्या खांद्यावरून तिच्या गोळ्या सतत डावीकडे जाणार, आणि प्रशिक्षक तिला उगाच 'लक्ष दे' म्हणून सुनावत राहणार. मुलगी लहान असेल तर सरळ डाव्या खांद्यावरून शिकवावं. हात त्या वयात लवकर वळतात. मोठी असेल तर चष्म्याच्या डाव्या काचेवर लहानसा धूसर ठिपका चिकटवून काम भागतं. डाव्या खांद्याचं ठरलं तर दस्त्याचा वाक बदलतो, म्हणून ही परीक्षा खरेदीआधी करायची.

वारशाची बंदूक वापरायची असेल तर एका बाबतीत मी अजिबात मागे हटणार नाही. ती आधी जाणत्या बंदूक कारागिराला दाखवावी. कित्येक जुन्या दुनळ्यांचं काडतुसाचं घर अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचं असतं. आजची बरीच काडतुसं ७० मिलिमीटरची. न उडवलेलं लांब काडतूस त्या आखूड घरात विनासायास बसतं, आणि हाच धोका आहे. उडताना त्याचं तोंड उलगडतं, त्याला जागा मिळत नाही आणि नळीतला दाब वाढतो. लोखंडाच्या पट्ट्या पिळून केलेल्या, अंगावर नागमोडी नक्षी दिसणाऱ्या दमास्कस नळ्या तर आजच्या दारूसाठी नव्हेतच. अशी बंदूक भिंतीवर शोभेल, मुलाच्या गालाशी नाही. खिळखिळी वाटणारी, घोडा निसटणारी किंवा नळीला खळगा पडलेली बंदूकही बाजूला ठेवावी. ठासणीच्या बंदुकीबद्दल तर बोलायलाच नको.

पहिल्यांदा शिकणाऱ्याला मी वर-खाली नळ्यांची, मधून मोडणारी बंदूक सुचवतो. अर्धस्वयंचलित बंदूक धक्का कमी देते हे खरं, तिच्यातल्या वायूचा काही भाग यंत्रणा हलवण्यात खर्च होतो. पण मोडून हातावर टाकलेली बंदूक रिकामी आहे हे दहा पावलांवरच्या माणसालाही दिसतं. मुलांच्या गराड्यात हे दिसणंच मोलाचं आहे.

कायद्याचं नीट समजून घ्या, कारण त्यावरच खरेदी ठरते. शस्त्र कायद्यानं एकवीस वर्षांखालच्या कुणालाही परवाना मिळत नाही. बारा ते एकवीस या वयात प्रशिक्षणासाठी आणि नेमबाजीच्या सरावासाठी बंदूक हाताळता येते, पण ती प्रशिक्षकाच्या किंवा परवानाधारकाच्या थेट देखरेखीखाली. म्हणजे 'मुलाची बंदूक' असं कायद्यात काही नाही. ती वडिलांची, आईची किंवा संस्थेची असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला साधारणपणे दोनच शस्त्रं ठेवता येतात, तेव्हा मुलासाठी घेतलेली बंदूक घरातली एक जागा अडवते. परदेशी बनावटीची नवी बंदूक बाहेरून मागवण्याची सवलत मुख्यतः राष्ट्रीय रायफल संघटनेच्या शिफारशीनं नाव कमावलेल्या नेमबाजांना मिळते. बाकीच्यांसमोर राहतात त्या तीन वाटा: घरातली, दुसऱ्या परवानाधारकाकडून घेतलेली जुनी, किंवा भारतीय बनावटीची. तिन्ही वाटांवर तयार मापाची बंदूक मिळण्याची शक्यता कमी. म्हणूनच माप आणि कारागीर यांवर या पुस्तकात इतकी पानं खर्ची पडली आहेत. आणि म्हणूनच माझा सल्ला असा की पहिलं वर्ष काहीच विकत घेऊ नये. संस्थेच्या बंदुकीवर शिकावं, शरीराचं माप स्थिरावू द्यावं. तोवर घरी एअर रायफल पुरे. ०.१७७ बोरच्या, ठरावीक ताकदीच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, आणि श्वास, चाप, गाल यांची शिस्त तिच्यावर उत्तम लागते.

महाराष्ट्रानं रायफल आणि पिस्तुलात काय केलं ते घराघरांत माहीत आहे. अंजली भागवत, सुमा शिरूर, २०१० साली म्यूनिकमध्ये विश्वविजेती ठरलेली तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि २०२४ मध्ये पॅरिसहून कांस्यपदक आणणारा स्वप्नील कुसाळे. शॉटगनमध्ये अशी मराठी नावं पटकन ओठांवर येत नाहीत. कारण गुणांची कमतरता नाही. दहा मीटरची एअर रायफल एका लांब खोलीत शिकता येते. शॉटगनला रान लागतं. बारीक छर्रेही दोनशे मीटरच्या आसपास जाऊन पडतात, तेवढी मोकळी आणि राखलेली जमीन हवी. त्यामुळे हा खेळ दिल्ली, पतियाळा, जयपूर, भोपाळ या बाजूंना वाढला. एक गोष्ट मात्र आपण विसरलो आहोत. १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना उभी करणारे आणि तिचे पहिले अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती. रत्नागिरीकडचं हे मराठी घराणं गुजरातेत स्थायिक झालेलं. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही नव्या नेमबाजांसाठी राष्ट्रीय स्पर्धेचा दरवाजा आहे आणि तिच्यात ट्रॅप आणि स्कीटही असतात. देशातल्या नेमबाजीची घडी एका मराठी माणसानं बसवली आणि शॉटगनच्या रांगेत मराठी पोरं मागे, हे मला बोचतं.

फर्दापूरच्या मुलांना जवळचं म्हणावं असं मैदान भोपाळचं. भुसावळला गाडीत बसलं की इटारसीवरून थेट. तिथल्या राज्य अकादमीतली मनीषा कीर ही भोपाळच्या मोठ्या तलावावर मासेमारी करणाऱ्या कुटुंबातली मुलगी. घरात बंदूक नव्हती, वारसा नव्हता. निवड चाचणीतून ती आली, अकादमीच्या बंदुकीवर शिकली आणि २०१८ मध्ये चांगवॉनच्या जागतिक स्पर्धेत ज्युनिअर ट्रॅपचं रौप्यपदक घेऊन परतली. वाघूरच्या काठी कपाशी वेचणाऱ्या घरातल्या मुलीनं हे करू नये असं काही नाही. तिला हवी ती संधी, प्रशिक्षक आणि तिच्या अंगाची बंदूक.

सुरक्षिततेचं प्रकरण मी पुस्तकात सर्वांत आधी ठेवलं आहे, मापाच्याही आधी. स्मिथनं जिथे नाव कोरलं त्याच दहाव्या लेण्याच्या भिंतीवर श्याम जातकाची कथा रंगवलेली आहे. आंधळ्या आईबापांसाठी पाणी भरायला आलेल्या तरुणाला शिकारीला निघालेल्या राजाचा बाण लागतो. आपल्याकडे हीच कथा श्रावणबाळाच्या नावानं प्रत्येक मुलानं ऐकलेली असते, आणि दशरथ तर आवाजावर बाण सोडतो. मी मुलांना त्या भिंतीपुढे उभं करतो. समोर काय आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे हे दिसल्याशिवाय बोट चापावर जात नाही, हा नियम दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या चित्रासमोर सांगितला की पुन्हा सांगावा लागत नाही. बाकीचे नियमही तेवढेच पक्के: बंदूक नेहमी भरलेली आहे असं धरून चालायचं, नळीचं तोंड माणसाकडे कधीही नाही, जागेवर उभं राहिल्याखेरीज काडतूस घालायचं नाही, घरी बंदूक आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपांत.

पहिल्या दिवसाबद्दल आईवडिलांना एवढंच सांगायचं आहे. कानाला संरक्षण आणि डोळ्याला चष्मा आधी, बंदूक नंतर. शॉटगनचा आवाज दीडशे डेसिबलच्या वर जातो, कान एकदा गेले की परत येत नाहीत. त्या दिवशी सरळ समोर जाणारी, संथ तबकडी मागा. कडेची, वेगाची तबकडी नंतर. दहा काडतुसांच्या वर जाऊ नका. मूल 'अजून दोन' म्हणत असतानाच बंदूक मोडून ठेवा, म्हणजे पुढच्या आठवड्यात ते आपणहून येतं. संध्याकाळी खांदा पाहा. निळा डाग आढळला तर सरावाला सुट्टी. दस्त्याचं माप पुन्हा घ्या, काडतुसाची भरण तपासा, उभं राहणं पाहा. तिन्हींतली चूक सापडेपर्यंत त्या मुलाच्या हाती पुढचं काडतूस द्यायचं नाही.